बंद केलेले बग

ताम्पेरेतल्या जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथे आता आमचं ऑफिस आहे,
मी इर्या कुओस्मानेनला विचारलं,
टेस्टर व्हायचं तर काय वाचू?

कॉफीचा मग तिनं खाली ठेवला नाही.
पुस्तकं नंतर, म्हणाली,
आधी लिफ्टमधली पाटी वाच.
आठ माणसं, सहाशे किलो.
मग सांग, बरोबर पंचाहत्तर किलोचं माणूस
तुला आजवर कधी भेटलंय?

मी हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या कीबोर्डवर
किराणा दुकानाचं चुरगळलेलं बिल:
दूध, राईचा पाव, सूट वजा शून्य युरो.
खाली तिच्या पेन्सिलीत,
‘वजा शून्य. हेही कुणीतरी पास केलं होतं.’

नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधार व्हायला लागला
तेव्हा तिनं घरून एक वही आणली. आईची.
आई याच मजल्यावर कापड तपासायची,
बोटांनी,
डोळे नंतर कामाला लागायचे.
वहीत तीन रकाने: माग, तुटलेले धागे, कारण.
एकोणीस, चार, सूत ओलं.
सात, दोन, धोटा झिजला.
बावीस, अकरा,
आयलीचं पोर तापानं फणफणलंय.

ती ओळ मी बोट ठेवून वाचली.
आमच्या लॉगमध्ये सगळं असतं,
मिलिसेकंदापर्यंत वेळ,
कुठल्या सर्व्हरनं कुठल्या सर्व्हरला काय म्हटलं ते.
आयली कुठे लिहायची, ते नसतं.

मुकादम करवादायचा म्हणे,
मागाच्या वहीत बाईचं पोर कशाला?
आई म्हणायची,
मागानं तोडले असते तर मागाचं नाव लिहिलं असतं.

आम्ही जे बनवतो
ते घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या फोनमध्ये असतं.
एका म्हाताऱ्या जिवामागे बारा मिनिटं.
दाराशी ‘पोचले’ दाबलं
की घड्याळ सुरू.
माझ्या दोनशे चाळीस टेस्ट हिरव्यागार होत्या,
नुसतं शेत डोलत होतं स्क्रीनवर,
आणि इर्यानं बग टाकला:

‘हेर्वान्ता, चौथा मजला. सायमीबाईंना
खुर्चीपासून दारापर्यंत साडेचार मिनिटं लागतात.
मी स्वतः बाहेर उभं राहून मोजली.
मधे दोनदा आवाज आला,
आले हं, जाऊ नका.’

उत्तर आलं: अपेक्षेप्रमाणे चालते आहे. बंद.
तिनं उघडला.
बंद.
तिसऱ्यांदा उघडताना मला हाक मारली,
खुर्ची सरकवली.
हे वाच, म्हणाली, बंद केलेले बग. सगळे.
आणि प्रत्येकाखाली बघ,
कुणाच्या अपेक्षेप्रमाणे.

हिवाळाभर तेच वाचलं.
रात्रपाळी संपायच्या आत उगवणारा दिवस,
एका अक्षराचं आडनाव,
दोन्ही हातांत बादल्या असताना मागितलेला अंगठा.
अपेक्षेप्रमाणे. अपेक्षेप्रमाणे.
बाहेर बर्फ साचत राहिला
आणि ताम्मेरकोस्कीचं पाणी, जे पूर्वी माग फिरवायचं,
खिडकीखालून कुणाचंच काही न फिरवता गेलं.

एप्रिलात इर्या निवृत्त झाली. केक फार गोड होता.
सायमीबाईंचा बग आता माझ्या नावावर आहे,
सातदा उघडलेला.

गेल्या मंगळवारी मी वेंला नावाच्या परिचारिकेबरोबर
हेर्वान्ताला गेलो, नुसतं बघायला.
चौथ्या मजल्यावर तिनं फोन खिशातच ठेवला.
बोटांच्या पेरांनी दार वाजवलं, दोन टकटक,
आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली.
आतून पावलं. थांबली. पुन्हा पावलं.
कडी वाजली
तेव्हा कुठे तिनं फोन काढून ‘पोचले’ दाबलं.

मग माझ्याकडे पाहिलं.
मी टेस्टर आहे, हे तिला माहीत होतं.

नियमानं हा दोष आहे,
पहिल्या पातळीचा,
वेळेची नोंद चुकीची.
परतताना ट्राममध्ये लॅपटॉप उघडला,
रकाना आला, लखलखीत, रिकामा,
मी त्यात काहीच लिहिलं नाही.

घरी आलो. वहीची झेरॉक्स काढली.
शेवटच्या पानाखाली थोडी जागा होती.