हातांसकट

बास्तियान तेविशीतला, गळ्यात ओळखपत्र,
दोन्ही फोन त्याला तोंडपाठ.
हा बघा, म्हणतो, आवाज असा
की अख्खं घर भरून जाईल.
मी वळून आईला खुणांनी सांगते:
आवाज. घर. भरतं.
आई आधी छताकडे बघते, मग त्याच्याकडे,
आणि इतकी मनापासून हसते
की तो बिचारा किंमत थोडी खाली आणतो.

सहा वर्षांची होते तेव्हापासून
मी अशीच उभी आहे, आई आणि दुकानदार यांच्या मधे,
दोन्हीकडे थोडं थोडं खोटं बोलत.

आई पहाटे तीनला भट्टीवर जाते.
वाल्पाराइसोची अर्धी टेकडी तिचा पाव खाते
आणि तिचं नाव कुणाला माहीत नसतं.
ओतिलिया मावशी पार खाली, पुंता अरेनासला,
जिथे जूनमधली दुपार जेवून उठेपर्यंत संपते.
दोघी बोलतात ते अंधारात:
हिची कामाची वेळ, तिची झोप उडालेली.
बाकी काही नको त्यांना.
थोडा उजेड, आणि चार हात मोकळे.

जुन्या फोनला तडा होता, तिरका, वरपासून खालपर्यंत.
मावशीची करंगळी नेमकी त्यात जायची,
आणि करंगळीवाचून काही शब्द भलतेच होतात.
दोन वर्षं आम्ही समजत होतो
तिनं बोकड पाळलाय.
ती शिवणयंत्राबद्दल बोलत होती.

आई दोन्ही फोन काउंटरवर उभे करते,
एक माझ्या पर्सला टेकवून, एक स्टेपलरला.
दोन पावलं मागे जाते. बोलू लागते, स्वतःशीच.
बास्तियान गप्प.
लोक फोन हातात घेऊन तोलून बघतात,
हिनं हातच काढून घेतले.

महागडा फोन तिला लगेच ओळखतो.
गाल उजळतो, सुरकुत्या पुसतो,
मागची खोकी, जाहिराती, रांगेतला म्हातारा
सगळं धूसर करून टाकतो.
आणि हात
छातीपासून जरा बाहेर गेले
की त्यांनाही मागच्यांतच मोजतो.
बोटं विरघळतात,
पिठात पाणी जास्त पडावं तशी.
आई बोलतेय, बोलतेय,
आणि पडद्यावर एक देखणी बाई,
दहा वर्षांनी तरुण,
जिला बोलता येत नाही.

ते बंद करता येतं, बास्तियान म्हणतो,
आणि आत, आणखी आत, आणखी आत शोधत जातो.
सापडतं. मग मान खाली घालून सांगतो,
अपडेट आलं की कधी कधी परत सुरू होतं.
हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

दुसरा फोन जाडा,
रंग उकडलेल्या बटाट्याचा.
चेहरा त्यात जसा आहे तसा, थोडा पिवळाच.
पण दहाच्या दहा बोटं,
नखातल्या मैद्यासकट.
आई म्हणते, दिवा घालवायला सांग.
तो घालवतो. रांगेतला म्हातारा कुरकुरतो.
पडद्यावर दाणेदार अंधार, आणि अंधारात
बोटं अजून सुटी सुटी.

लागलीच मावशीला फोन.
लोकरी टोपी, मागे खिडकी, खिडकीत रात्र.
ती डोळे बारीक करून बघते.
आईला वाटतं, आता कौतुक.
मावशी म्हणते: हात किती म्हातारे झालेत गं तुझे.
आई म्हणते: तुझा बोकड कसा आहे?

काय म्हणाल्या, बास्तियान विचारतो.
मी म्हणते,
आवाज अगदी स्वच्छ येतोय म्हणाल्या.

आई माझा दंड ओढते: काय सांगितलंस त्याला?
मी सांगते.
ती पुन्हा तशीच हसते,
आणि बास्तियान गडबडून
पिशवीत एक कव्हर फुकट टाकतो.