पाठराखीण

आंदणाची यादी कारकुनाने मोठ्याने वाचली:
सात किल्ले, एब्रोकाठची मिठागरं, चाळीस खेचरं,
आणि तळाशी, शाई संपत आल्यावर,
ओरिया, पाठराखीण.
म्हणजे मी.

राजकन्या तेरा वर्षांची.
सीमेवरच्या पुलावर तिचे जोडे काढून घेतले.
नवे अर्धा बोट मोठे.
"पाय वाढतील," म्हातारा सरदार म्हणाला.

रात्री विचारायची, इथे बर्फाला काय म्हणतात गं?
मी मुदपाकखान्यात जाऊन विचारून आले.
शब्द जवळजवळ आपलाच निघाला.
तेच तिला सोसलं नाही.

दुसऱ्या बाळंतपणात गेली. मुलगा जगला.
दोन मुकुट वितळवून एक केला,
डोकं लहान, म्हणून आतून लोकर लावली.

आता बाजारात म्हणतात, आपण एक झालो.
पुलावरचा जकातदार तेवढा हलला नाही.
परवा त्याने माझ्या टोपलीतलं चीज हुंगलं,
दोन दमड्या मागितल्या.
कुठल्या राजाच्या, मी विचारलं.
"आता एकच आहे, म्हातारे."

कनवटीची दमडी उन्हात धरली.
तिच्या मुलाचा चेहरा,
हनुवटी तिची.

चीज तिथेच ठेवून परत फिरले.