चांदणीची चकती

पहिला फुटला.
दुधाच्या पिशवीचं टोक कापून
गुळगुळीत, गोल, बोटाएवढा सोडला होता तेलात.
घटकाभर निवांत पोहला, फुगला,
आणि फट्!
पंख्याच्या पात्यावर तो डाग अजून आहे.

मैत्री ओट्यापासून चार हात लांब उभी राहून म्हणाली,
आई, मोबाईलमधली बाई सांगायलीय,
कंगोरे पाहिजेत त्याला.
कंगोऱ्यांतून वाफ निघून जाती.
गुळगुळीत असलं की आतल्या आत कोंडतं मग.

मी गॅस बारीक केला.
बेचाळीस वर्षांत हे मला
कुणी सांगितलं नव्हतं.

चांदणीची चकती आमच्या गल्लीत एकाच घरी.
महानंदाबाईंचा पितळी सोऱ्या,
दांड्यावर सासऱ्यांचं नाव, सन ठोकलेला,
दिवाळीशिवाय माळ्यावरून उतरत नाही.
आणि हा तर श्रावण.
तरी दिला. कामून, म्हणून विचारलं नाही,
फक्त म्हणाल्या, पेच जरा उलटा फिरतो बरं का.

घरी येऊन कृती पुन्हा वाचली.
वाटीभर पाणी उकळायचं, लोणी, मीठ,
मैदा एकदम ओतून घोटायचा, गोळा भांडं सोडेपर्यंत,
मग दोन अंडी.

अंडी फ्रिजमध्ये होती. हातात घेतली.
सोऱ्याकडे बघितलं.
परत ठेवली.

दालचिनी कुटायला बसले तर लाईट गेली,
म्हणून खलबत्त्यात.
आणि वास सुटला.
आमच्या घरात दालचिनी म्हणजे काळा मसाला,
काळा मसाला म्हणजे रविवार,
रविवार म्हणजे काय, ते अख्ख्या सेलूला ठाऊक.
गोडाधोडाला वेलदोडा, फार तर जायफळ.
दालचिनी साखरेत पडलेली
मी तरी जन्मात पाहिली नव्हती.
खिडकी लावून घ्यावी वाटलं.
लावली नाही. तेलाचा धूर कोंडला असता.

एकेक पीळ तेलात उतरत गेला,
मैत्री कात्रीनं कापायची, कच्, कच्,
एकही फुटला नाही.

तेवढ्यात फाटकाची कडी.
महानंदाबाई. कपाळाला विभूती,
नाकाला पदर नाही, पण हात पदराशी.
श्रावणात गं? म्हणाल्या.
एवढंच.

अकरा वर्षं शेजार आमचा.
त्यांचं ताट आमच्याकडे येतं, आम्ही खातो.
आमचं ताट तिकडं गेलं की त्या म्हणतात,
लेकरांसाठी ठेवते हं.
लेकरं दोन्ही हैदराबादला.
पुढं काय होतं, आम्ही कधी विचारलं नाही.

मी परात पुढं केली.
दालचिनीच्या साखरेत लोळलेले,
तपकिरी, कंगोऱ्या कंगोऱ्यांचे.
काय म्हणायचं याला?
चुरोज, मैत्री म्हणाली.
चुरा? चुरा तर झाला नाही की गं याचा!
आणि उचलला एक.
तिथंच, फाटकापाशी, उभ्यानं,
कुरकुर् आवाज झाला.

मी तयारच होते,
की अंडं नाही घातलेलं, शप्पथ,
ओठांवर आलंच होतं.
त्यांनी विचारलं नाही.
दुसरा उचलला.
मग मीही नाही सांगितलं.
हनुवटीला साखर लागलेली,
तशाच गेल्या दुपारच्या उन्हात.

सोऱ्या मी चिंचेनं घासला, तीनदा.
गरम पाणी, लिंबू, पुन्हा चिंच.
पण पेचाच्या खाचेत बोट कुठं पोचतं.

दिवाळीत ताटावर रुमाल टाकून
त्यांच्या चकल्या आल्या.
मैत्रीनं एक मोडली,
चावली, थांबली,
माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, खा गप.