बेत

कापड बेतावं तसेच बेतून रायली मी
नागपूरचे दोन दिवस.
आधी पन्हा पाहायचा, हौस मागून.

शाळेचे गणवेश शिवले, त्याचे पैसे आले.
धागा, बटणं, काजंवाली, सगळे वजा जाऊन
उरले ते बॉबिनच्या डबीत घडी करून ठेवलेत.
प्रफुलला डबी माहीत आहे.
उघडत नाही.

आर्वीहून पहाटेची एसटी.
बाई म्हणून माझं अर्धं तिकीट.
प्राची सातची, तिचंही अर्धं.
नैतिकला पाच व्हायला दोन महिने, तो फुकट.
(पण भेटेल त्याला सांगतो, मी सहाचा आहे.
कंडक्टरलाही सांगेल.)

"म्हणजे आपल्या चौघांत
पूर्ण माणूस मी एकटाच!"
प्रफुल हसला.
मग जरा वेळानं, चप्पल शोधता शोधता,
"पूर्णच महाग पडून रायला न.
तुम्ही तिघंच जा."

मी काही बोलली नाही.
हातातली बाही उसवली आणि पुन्हा लावली.
ती आधीच नीट होती.

राहायला हुडकेश्वर. त्याची मामेबहीण शीतल,
एक खोली, वर पत्रे, गच्चीवर झोपू म्हणाली.
तिला तुरीची डाळ, जवसाची चटणी
आणि एक ब्लाउज शिवून.
माप फोनवर विचारलं, छत्तीस म्हणाली.
लग्नाला सहा वर्षं झाली तिच्या.
मी अडतीस धरलं.

पहिल्या दिवशी डब्यातल्या तिखट पुऱ्या,
दुसऱ्या दिवशीही त्याच, कडक झालेल्या.
मधात एकदा तर्री पोहे,
मुलांना तर्रीविना.

महाराजबाग लिहिली होती. नैतिकनं विचारलं,
तिथं काय?
म्हटलं, वाघ.
"वाघाला काऊन पैसे द्यायचे?
तो तर येते न आपल्या वावराकडे."
गेल्या थंडीत नाल्याच्या काठी पंजे दिसले,
आठ दिवस कोणी जागलीला गेलं नव्हतं.
प्राची म्हणाली, तो दिसत नाही पण.
ह्याला पिंजऱ्यात पाहू.
नैतिक म्हणाला, पिंजऱ्यातल्याची भीतीच नाही,
मग तो कशाचा वाघ.
खोडली.

मेट्रो ठेवली.
खापरीहून निघायचं, पार शेवटपर्यंत जायचं
आणि तशीच परत फिरायचं, खिडकीशी.
कुठं पोचायचं नाही, त्यामुळे चुकायचंही नाही.

मॉल ठेवला.
तिथं थंड हवा, स्वच्छ संडास,
काचेची लिफ्ट, आपोआप वर जाणारा जिना,
सगळं फुकट.
फक्त हातात काही धरायचं नाही,
धरलं तर खाली ठेवायचं, हे पोरांना
इथूनच शिकवून न्यायचं.

आणि शंभर-दीडशे वेगळे.
ताप, उलटी, फुगा.
लेकरांच्या कपड्यांत मी नेहमी
आत माया सोडते, बोटभर,
पुढच्या वर्षी उसवता यावी म्हणून.
तशीच ही.

काल रात्री लाइट गेली.
मोबाइलच्या उजेडात पुन्हा मांडलं सारं
वर्तमानपत्राच्या कटिंगवर, खडूनं.
कुठून काढावं?
पुऱ्यांतून निघत नाही, मेट्रोतून काढवत नाही,
ब्लाउजचं कापड तर घेऊन झालं.
शेवटी माया उसवली.
दीडशे इकडे,
दोन फॉल-पिको आणखी घेईन, ते तिकडे.
प्रफुल घोरत होता.
त्याच्या नावापुढं लिहिलं, पूर्ण.
फुगा राहिला.
ताप येणार नाही, असं धरून चालली.

आज दुपारी ग्रामपंचायतीत दाखला आणायला गेली,
तर नैतिक मागंच राहिला.
पाहते तर पायऱ्यांवर उभा,
दोन्ही पाय जुळवून, हात कठड्यावर,
अगदी शिस्तीत.
मागं दोघं-तिघं खोळंबलेले.

चाल न बाप्पा, म्हटलं, लोक थांबलेत.

"थांब न माय," तो म्हणाला,
"आता सुरू होईल."