ठिपका भिंतीकडं

थानची माती ठाण्यात येते,
पंचवीस किलोच्या गोणीत, टेम्पोनं,
वागळे इस्टेटच्या गाळ्यात.
भिंतीपलीकडं खुटवडांचा लेथ,
त्यापलीकडं कुणाची तरी पॉवरप्रेस.
प्रेस आपटली की माझ्या पाण्याच्या वाडग्यात
वर्तुळं उठतात. मी त्यांच्यातच बोटं बुडवते.

मी वापरायची भांडी करते.
म्हणजे शोची नाही का, लोक विचारतात.
नाही. म्हणजे कप.
कान असा की दोन बोटं आत जातील, तिसरं खालून टेकेल.
तेलाच्या बुधलीची चोच तासत बसते:
शेवटचा थेंब आत परतला पाहिजे,
बाहेरून ओघळला तर ती बुधली माझ्याच ओट्यावर राहते.
बूड गालावर घासून बघते.
गालाला बोचलं तर टेबलाला बोचणार.

खुटवड आले ते बरणी काखेत घेऊन.
खाली पांढरी, मानेला तपकिरी. मिठाची.
झाकण नातवाच्या बॅटनं गेलं दिवाळीत,
तेव्हापासून वर ताटली.
'चालतंय की ताटलीनं,' मी म्हणाले.
'ताटली जेवायला लागते.'

मग मी सांगितलं, माती आटते.
वाळताना थोडी, भट्टीत उरलेली,
शंभरातले बारा जातात.
बेचाळीस वर्षं लोखंड कातलेला माणूस
माझ्याकडं असा बघत राहिला
जसं मी त्याच्या पगारातून कापून घेतेय.
व्हर्नियर काढला, बरणीच्या तोंडात धरला.
'एकशे बारा.' तळहातावर पेननं भागाकार.
'एकशे सत्तावीस पॉइंट दोन सात.
त्यातून फिटचं थोडं सोडा.'

पहिलं झाकण त्यांच्या मापाचं.
गोल, देखणं, आणि बसेना.
दुसरं लहान केलं, ते डुगडुगलं
सैल कवळीसारखं.

तेव्हा त्यांनी व्हर्नियर आडवा लावला. मग उभा. पुन्हा आडवा.
एकशे बारा. एकशे आठ.
'बरणीच गोल नाही,' म्हणाले,
आवाज खाली, घरातलं काही उघडं पडल्यासारखा.
'कारखान्याचा माल, आणि गोल नाही?'
एका अंगाला चेपली होती, भट्टीतच कधीतरी.
इतकी वर्षं मीठ देत होती, कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी इस्टेट बंद.
लेथ गप्प, प्रेस गप्प,
वाडग्यातलं पाणी सपाट.
तिसरं झाकण मी चाकावर गोलच ओढलं,
रविवारपर्यंत प्लॅस्टिकखाली ठेवलं
आणि चामड्याइतकं घट्ट झाल्यावर
एका बाजूनं अंगठ्यानं दाबलं.
किती, ते सांगता येणार नाही.
नीट गोल ओढायला मला सहा वर्षं लागली होती.

ते एकाच बाजूनं बसतं. फिरवलं की अडतं.
म्हणून चेपल्या अंगावर, झिलईआधी,
कोबाल्टचा एक निळा ठिपका.

खुटवडांनी लावलं. काढलं. लावलं.
पैशाचं बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी स्टीलची चकती आणून दिली,
भांडं छाटताना मध्यावर धरायला,
शून्य पॉइंट शून्य एकपर्यंत गोल.

रात्री साडेनऊला फोन.
मागं कुकर, मागं बातम्या.
'बसत नाही म्हणतेय ही.'
ठिपका कुठंय?
'ठिपका कुठंय गं?'
'माझ्याकडं.'
बरणीची चेपकी बाजू भिंतीकडं ना?
मग ठिपकाही भिंतीकडं.
थोडा वेळ काहीच नाही.
मग तो आवाज, छोटा, मातीचा,
आणि फोन तसाच चालू ठेवून
आमटीत मीठ पडलंय की नाही
यावर दोघांचं भांडण.