मुकादम

पलंगाखाली फरसाणाचा चौकोनी डबा,
झाकणाला सुईने पाडलेली भोकं.
आत वीतभर ओली माती, नारळाचा काथ्या
आणि मुकादम.

विंचू नाही हो, शेवंताताई. नांगी कुठंय?
ही शेपटी बघा, शिवणाच्या दोऱ्याएवढी.
विष नाही. चिडला तर शिंकतो फक्त,
आंबट.

आठवड्याला एक झुरळ.
पाणी कडेकडेने, वरून नाही.
बिळाचं तोंड लिंपून घेतलं की उकरायचं नाही,
आत कात टाकतोय,
महिना लागो की चार.

बाबा तेवीस वर्षं रबाळ्याच्या केमिकल कंपनीत.
आता कोपरखैरण्याच्या या दीड खोलीत
माझं नावही निसटतं त्यांच्याकडून.

परवा रात्री दोनला त्यांनीच झाकण उघडलं,
बोट घातलं असणार.
घरभर व्हिनेगर.

मी धावले. ते ताठ उभे,
कित्येक महिन्यांत न ऐकलेल्या आवाजात:
"अ‍ॅसेटिक. चार नंबरचा व्हॉल्व्ह गळतोय.
हेमांगी, खिडकी उघड."

उघडली.
नळाखाली त्यांचं बोट धरलं, त्यांनी धरू दिलं.
डब्यात मुकादम
पुढचे बारीक पाय लांबवून
भिंत चाचपत होता.

"रातपाळीला कोण आहे आज?"

मी आहे, म्हटलं.