दीडशेवी मेणबत्ती

मुख्य रस्त्यावर टेबलांची रांग,
पराना नदीपासून थेट पिठाच्या गिरणीपर्यंत.
खुर्च्या ज्याने त्याने घरून आणलेल्या,
म्हणून कुणी उंच, कुणी बुटका;
महापौर मुळात न्हावी, तो फिरत्या खुर्चीत.

केक आला. मेणबत्त्या लागू लागल्या.
तेवढ्यात पोस्टातून निवृत्त झालेला फाउस्तीनो उठला:
"एकशे एकोणपन्नासच लावा.
पुराच्या साली शहर नव्हतंच, नुसतं पाणी होतं.
नव्हतं ते मोजता कसं?"

झालं. जेवण राहिलं बाजूला.
खाटकाचं एक मत, पाद्र्याचं दुसरं.
वीस वर्षं अबोला धरलेले उर्रुतिया भाऊ
एकाच बाजूने भांडता भांडता
एकाच बाटलीतून पिऊ लागले.

मग उबाल्दा बोलली,
हातातला चमचा खाली न ठेवता:
"त्या साली सगळे रुळांवरच्या मालडब्यांत राहायचे.
सात नंबरच्या डब्यात,
मक्याच्या पोत्यांवर माझा जन्म.
साल नव्हतं म्हणतोस,
मग ही कोण बसलीय?"

लगेच कुणी हसलं नाही.
फाउस्तीनोने काडेपेटी काढली,
वाऱ्याकडे पाठ केली,
उरलेली एक स्वतःच लावली.

बसताना पुटपुटलाच मात्र:
"पुढच्या वर्षी बघू."